अंतरपाटावरचा रफार

भरतकामाचे सॉफ्टवेअर विकत घेताना माणूस त्यात फुले किती आहेत हे पाहतो. निदान मी तरी तेच पाहिले. चार वर्षांपूर्वी नाशिकच्या एका दुकानात विक्रेत्याने माझ्यासमोर नऊ मिनिटांत गुलाब काढला, त्याला दोन पाने जोडली, एका पाकळीचा रंग बदलून पुन्हा पूर्ववत केला, आणि मग खुर्चीत मागे रेलून "यात हजारो डिझाइन फुकट आहेत, ताई" असे सांगितले. त्यावर मी एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे यात मोर आहेत का. मोर होते, आणि भरपूर होते. शिकवणार कोण आणि अडले तर विचारायचे कोणाला, हे दोन प्रश्न मला त्या दिवशी सुचले नाहीत. ते विक्रेत्याला सुचावेत अशी अपेक्षा करणे तर मुळीच न्याय्य नव्हते. बिलाच्या तळाशी ‘तीन दिवसांचे प्रशिक्षण व आजीवन सपोर्ट मोफत’ असे छापलेले वाचून मी समाधानाने घरी आले. आजीवन म्हणजे नेमके कोणाचे जीवन, हे विचारायला हवे होते असे आता वाटते.

माझे यंत्र एका सुईचे आहे. रंग बदलायची वेळ आली की ते थांबते, शिटी देते, आणि मी स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन रीळ बदलते. अशा या यंत्रासाठी प्रशिक्षण द्यायला एका शनिवारी एक तरुण आला. तीन दिवसांचे प्रशिक्षण तीन तासांत बसवण्याची कला त्याला अवगत होती. त्यातला पहिला तास डोंगल (सॉफ्टवेअर चालू व्हावे म्हणून संगणकात खोचायची छोटी किल्ली) संगणकाला ओळखीचे वाटावे म्हणून गेला, दुसरा तास त्या डोंगलला चोर समजणाऱ्या अँटिव्हायरसची समजूत काढण्यात गेला, आणि तिसऱ्या तासात चहा पिऊन त्याने गुलाब काढला. या व्यवसायात गुलाब हे एकच फूल शिकवले जात असावे. पैठणीच्या ब्लाउजच्या बाहीवर मोर कसा बसवायचा, असे मी विचारले तेव्हा त्याने "सेमच आहे, मॅडम, फक्त सिलेक्ट करायचं" असे उत्तर दिले आणि टेबलाखाली मोबाइल धरून काहीतरी पाहू लागला. तो सॉफ्टवेअर शिकवण्याचाच एक व्हिडिओ पाहत होता, हे मला त्यातल्या ‘दोस्तों’ या हाकेवरून कळले. म्हणजे माझा गुरू माझ्या घरी, माझ्याच वायफायवर, माझ्या अर्धा धडा पुढे होता.

मला भरतकाम शिकवले माझ्या आत्याने. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काजेटाका या क्रमाने तिने मला नेले, आणि आधीचा टाका सरळ आल्याशिवाय पुढचा दाखवला नाही. तिचा सपोर्ट तात्काळ होता. टाका वाकडा गेला की तो पूर्ण व्हायच्या आत मनगटावर टपली बसत असे. तक्रार नोंदवण्याची सोय नव्हती. मात्र वीस वर्षांनंतरही तिला पत्र टाकून एखादी गाठ विचारली, तर उलटटपाली रुमालाच्या तुकड्यावर ती गाठ प्रत्यक्ष घातलेली येत असे. संगणकावरच्या भरतकामातही असेच कोणीतरी असणार, अशी माझी समजूत होती.

चित्राचे यंत्राला कळतील असे टाके करून देण्याच्या या कामाला बाजारात ‘पंचिंग’ म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन भागातील आयझॅक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये शिफ्ली हे भरतकामाचे यंत्र काढले, पुढे अशी यंत्रे भोके पाडलेल्या पट्ट्यांवर चालू लागली, आणि ती भोके पाडणारा तो पंचिंग मास्तर. पट्ट्या गेल्या, भोके गेली, नाव राहिले. आजचा पंचिंग मास्तर संगणकावर बसतो, हजार टाक्यांच्या हिशेबाने पैसे घेतो, आणि लग्नसराईत फोन उचलत नाही. त्याच्यापासून स्वतंत्र व्हावे म्हणून तर मी सॉफ्टवेअर घेतले होते.

स्वातंत्र्याचा पहिला दिवस कडक गेला, आणि हे मी अक्षरशः सांगते आहे. नेहमीच्या चाळीस नंबरच्या दोऱ्यासाठी टाक्यांच्या दोन ओळींत सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर ठेवतात, आणि सॉफ्टवेअर उघडल्याबरोबर तेच आपोआप पुढे करते. पण आयता मोर निम्म्या आकाराचा करताना टाक्यांची संख्याही कमी व्हायला हवी, आणि नाजूक रेशमावर अंडरले, म्हणजे वरच्या टाक्यांखालचा आधाराच्या टाक्यांचा थर, हलका ठेवायला हवा, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. मूळ मोराचे सगळे टाके निम्म्या जागेत दाटीवाटीने उतरले. ब्लाउज घडी घालून ठेवला तरी एक बाही आत दंड असल्यासारखी उभी राही. दुसऱ्या वेळी मी साधे वर्तुळ भरले आणि ते अंडे होऊन बाहेर आले. टाके ज्या दिशेने पडतात त्या दिशेने कापड आत ओढले जाते आणि आडव्या दिशेने बाहेर ढकलले जाते, म्हणून पडद्यावर मुद्दाम थोडे चुकीचे काढावे तेव्हा कापडावर बरोबर येते, हे या विद्येतले पहिले तत्त्व आहे आणि मला ते अकराव्या महिन्यात कळले. तिसऱ्या वेळी मोर लाल आला. मी फाइल डीएसटी प्रकारात जतन केली होती, आणि त्या प्रकारात कुठे थांबायचे एवढेच लिहिलेले असते, कोणता दोरा घालायचा हे लिहिलेले नसते. यंत्राने आपल्या मनाने रंग दाखवले आणि मी आज्ञाधारकपणे रिळे लावत गेले. हेल्पलाइनवरच्या मुलाला मी मोर लाल झाल्याचे सांगितले तेव्हा त्याने "डिझाइन तर बरोबर आलंय ना, मॅडम?" असे विचारून माझा प्रश्न सुटल्याची नोंद केली.

दोरा तुटू लागला तेव्हा तर मला न्यायसंस्थेचाच अनुभव आला. सॉफ्टवेअरवाल्यांनी यंत्राचा ताण तपासायला सांगितले. यंत्रवाल्यांनी ताण तपासून फाइलमध्ये दोष असल्याचा निर्वाळा दिला. दोघांना एकाच वेळी फोनवर घेतल्यावर त्यांचे पहिल्यांदाच एकमत झाले आणि दोष दोऱ्याचा ठरला. दोऱ्याच्या दुकानदाराने रीळ नाकाशी धरून पाहिले आणि नाशिकची हवा यंदा कोरडी असल्याचे सांगितले. हवेचा हेल्पलाइन क्रमांक कोणाकडेही नव्हता. शेवटी मी सुई बदलली, आणि दोरा तुटायचा थांबला.

हे सगळे मी सहन केले असते. पण अंतरपाट आला.

तुळशीचे लग्न होऊन आठवडा झाला होता. ओळखीतल्या एका मुलीच्या आईने मोतिया रंगाच्या रेशमावर अंतरपाट भरायला दिला. मध्ये स्वस्तिक, वर ‘कुर्यात् सदा मंगलम्’, खाली ‘शुभमंगल सावधान’, एका बाजूला ‘चि.’ आणि मुलाचे नाव, दुसऱ्या बाजूला ‘चि. सौ. कां.’ आणि मुलीचे. अंतरपाट ही भरतकाम करणाऱ्याच्या दृष्टीने अत्यंत निर्दय वस्तू आहे. ब्लाउजच्या पाठीवरची चूक अंबाड्याखाली जाते, बाहीवरची पदराखाली जाते. अंतरपाट मात्र दोन माणसे दोन टोकांनी ताणून धरतात, आणि मंगलाष्टके संपेपर्यंत नवऱ्या मुलाला हातभर अंतरावर पाहण्यासारखे दुसरे काहीही नसते. त्यातून एखाद्या मावशीला स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणायची असतील, तर तो बिचारा प्रत्येक टाका मोजू शकतो. नवरीच्या बाजूला दोऱ्यांच्या गाठी आणि बकरम येते, पण ती मान खाली घालून उभी असते असे गृहीत धरण्याची पद्धत आहे.

मी अक्षरे टाइप केली. सॉफ्टवेअरने देवनागरी अक्षरे ओळखली, पण त्यांचे परस्परांशी असलेले नाते ओळखले नाही. र्‍हस्व वेलांटी टाइप करताना नंतर येते पण दिसायला आधी हवी, हा आपला शिष्टाचार त्याला ठाऊक नव्हता. त्यामुळे ती ‘च’च्या पुढे जाऊन पूर्णविरामावर छत्री धरून उभी राहिली. ‘सौ.’ आणि ‘कां.’ सुखरूप आले, म्हणजे सौभाग्य आणि कांक्षा यांना धक्का लागला नाही, दीर्घायुष्य तेवढे मोडले, आणि तेही दोघांचे. ‘कुर्यात्’मधला रफार ‘या’च्या डोक्यावर चढायला तयारच नव्हता, तो पायमोडका ‘र’ होऊन वाटेतच बसला. ‘सावधान’ हा शब्द मात्र त्याने बिनचूक काढला, आणि तो मला उद्देशून आहे हे माझ्या लक्षात आले नाही.

लग्नाला सहा दिवस होते. मी सपोर्टला मेल केली. क्षणात उत्तर आले, त्यात माझे आभार मानून मला सात आकडी तिकीट क्रमांक दिलेला होता. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करावे असा सल्ला आला. तिसऱ्या दिवशी, आपली भाषा हिंदी आहे का, अशी विचारणा झाली. चौथ्या दिवशी एनीडेस्कवरून एक तरुण माझ्या संगणकात शिरला. माझा हात माउसवर नसताना पडद्यावरचा बाण फिरू लागला तेव्हा आमचे यजमान चहाचा कप तसाच ठेवून गॅलरीत गेले. त्या अदृश्य तरुणाने पाऊण तास खटपट केली, विंडोजची भाषा बदलली, फॉन्ट टाकले, काढले, पुन्हा टाकले. ‘र’ जागचा हलला नाही. शेवटी त्याने अत्यंत नम्रपणे "मॅडम, ये वर्ड इंग्लिश में लिखेंगे तो चलेगा क्या?" असे विचारले. मंगलाष्टकांचे ध्रुवपद रोमन लिपीत भरून मुलीच्या आईला नेऊन द्यावे आणि त्याच पावली गाव सोडावे, असे चित्र क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

मला सोडवले ते आमच्या कोपऱ्यावरच्या लग्नपत्रिका छापणाऱ्या गृहस्थांनी. मी त्यांच्याकडे अक्षरांचे चित्र मिळेल का, एवढेच विचारायला गेले होते. त्यांनी माझी हकिगत ऐकली, सुपारी कातरणे थांबवले, आणि "काकू, युनिकोड सोडा, जुना फॉन्ट घ्या" असे म्हणाले. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाला देवनागरीचा पत्ताच नसतो. तो बिचारा इंग्रजी अक्षरे छापतो आहे असेच समजतो, आणि आपण दिसण्याच्या क्रमाने आकार टाइप करत जायचे असते, म्हणजे वेलांटी आधी आणि ‘च’ नंतर, ‘या’ आधी आणि रफार नंतर. ज्याला काहीच कळत नाही त्याच्याकडून काम बरोबर करून घेण्याची ही युक्ती त्यांनी मला दहा मिनिटांत, तेही पत्रिकेचे मुद्रित तपासता तपासता शिकवली. अंतरपाट मुहूर्ताच्या आदल्या रात्री दीड वाजता पूर्ण झाला. जवळून पाहिले असते तर ‘मंगलम्’च्या शिरोरेषेत दोन ठिकाणी फट होती, नवऱ्या मुलाने ती पाहिली असणार, पण तो अद्याप काही बोललेला नाही. लग्नानंतर नवव्या दिवशी, जोडपे जेजुरीहून परतलेले असताना, मला मेल आली की आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने समस्या सुटली असे समजून तिकीट बंद करण्यात येत आहे, तरी आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल.

या वर्षी दुसरे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले तेव्हा मी दोनशे पानी वही आणली. फुले, मोर आणि कोयऱ्या यांविषयी एकही प्रश्न विचारायचा नाही, असा नियम पहिल्या पानावर लिहिला. विक्रीच्या क्रमांकावर फोन करायचा नाही, सपोर्टच्या क्रमांकावर करायचा, हा दुसरा नियम. कारण विक्रीचा फोन दुसऱ्या घंटीला उचलला जातो आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. फोन शनिवारी संध्याकाळी करायचा, कारण लग्ने रविवारी असतात. एका ठिकाणी मी बावीस मिनिटे बासरी ऐकली. बासरी चांगली होती, पण ती त्यांच्या गुणांत धरावी की नाही याचा निर्णय मला करता आला नाही.

परदेशी कंपन्यांच्या वेळांचे कोष्टक यजमानांनी मांडले, कारण बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोष्टके मांडायला मिळत नाहीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे कार्यालय सकाळी नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांत सपोर्ट घ्यायचा. सिडनीचे कार्यालय नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार, आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे काकडआरतीच्या आधी अंघोळ करून अंडरलेविषयी विचारायचे. "सिडनी घे," असे यजमान म्हणाले, "पहाटे डोकं ताजं असतं." पहाटे त्यांचे डोके उशीत असते.

पुण्याच्या भाच्याने इंक/स्टिच सुचवले. ते इंकस्केप या चित्र काढण्याच्या प्रणालीवर चालते, मुक्तस्रोत आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्याला विक्रेता नाही, म्हणून गुलाबही नाही, ही गोष्ट मला फार आवडली; शिवाय इंकस्केपमध्ये रफार आपल्या जागी बसतो, हे पाहून डोळे भरून आले. पण तिथे सर्व वाचून आणि स्वतः करून शिकायचे असते, आणि मदत करणारी माणसे आपापली कामे सांभाळून करतात. त्यांना शनिवारी रात्री उठवण्याचा नैतिक अधिकार मला नाही. ज्याला पैसे दिले आहेत त्याच्यावरच चिडता येते, आणि या वयात मला चिडण्याची सोय लागते.

मग मी प्रत्येक विक्रेत्याला एकच प्रश्न घातला: देवनागरीतील सलग शिरोरेषा रेशमावर फट न पडता कशी भरायची? एकाने यूट्यूबचा दुवा पाठवला, त्यात एक बाई अस्वलाचे पिल्लू भरत होती. दुसऱ्याने सर्व भारतीय भाषा चालतात असे ठासून सांगितले आणि पुरावा म्हणून ‘नमस्ते’ हा शब्द पाठवला. त्यात ‘स’ला पाय मोडून ‘त’पासून दूर उभे केलेले होते. तिसऱ्याने प्रशिक्षण ऑनलाइन आहे, रेकॉर्ड केलेले आहे, आणि कितीही वेळा पाहता येते, असे सांगितले. पण ते आधीच्या आवृत्तीवरचे निघाले, आणि त्यात जे बटण डावीकडे वर असल्याचे गोड आवाजात पुनःपुन्हा सांगितले जात होते, त्या जागी नव्या आवृत्तीत ‘खरेदी करा’ हे बटण होते. चौथ्याच्या प्रशिक्षणासाठी वेगळे पैसे होते, सपोर्टसाठी वर्षाला वेगळे, आणि डोंगल हरवले तर सॉफ्टवेअर पुन्हा पूर्ण किमतीत घ्यायचे होते. आमचे जुने डोंगल देव्हाऱ्यात असते, हे मी त्याला सांगितले नाही.

पाचव्या ठिकाणी एका बाईंनी फोन उचलला. प्रश्न ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मला माहीत नाही हो, मॅडम. उद्या अकराला सांगते." चार वर्षांत सपोर्टवरच्या माणसाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ हे शब्द मी प्रथमच ऐकत होते; मी वहीत वेळ लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. अक्षरे शिरोरेषेशिवाय भरायची, ती भरून झाली आणि कापडाला जेवढे ओढायचे तेवढे त्याने ओढून घेतले, की मग सगळ्या शब्दावरून एकच लांब साटिन टाक्याची (जवळजवळ घातलेल्या आडव्या टाक्यांची) रेघ शेवटी ओढायची. त्यांनी आदल्या संध्याकाळी तसा तुकडा स्वतः भरून पाहिला होता आणि फोटो पाठवला होता. फोटोत शब्द होता ‘कुर्यात्’. किमतीत घासाघीस करण्याचे मी ठरवले होते, ते राहूनच गेले.

त्या बाई गेल्या आठवड्यात प्रशिक्षणाला आल्या. चहा नंतर घेते म्हणाल्या, माझ्या यंत्राची सुई काढून नवी घातली, ज्यावर काम करायचे आहे तेच कापड मागितले, आणि संगणक उघडल्यावर मला गुलाब न दाखवता तीन सेंटिमीटरचे वर्तुळ काढून ते भरायला सांगितले. पहिले वर्तुळ अंडे झाले. दुसरे दुसऱ्या बाजूने अंडे झाले. त्यांनी मनगटावर टपली मारली नाही, पण तिसऱ्या वेळी कापडाकडे पाहून "हं" एवढेच ज्या सुरात म्हटले तो सूर माझ्या ओळखीचा होता. सातवे वर्तुळ गोल आले. त्यांनी ते पालथे करून पाठीमागचा बॉबिनचा दोरा पाहिला, मान हलवली, आणि तेव्हा कुठे चहा मागितला. मी ते वर्तुळ कापून वहीत चिकटवायचे म्हणून टेबलावर ठेवले आणि चहा आणायला आत गेले. परत आले तेव्हा यजमानांनी त्यावर आपला कप ठेवलेला होता, आणि कपाचा तळ त्यावर चारी बाजूंनी बरोबर बसला होता.